दुकानदाराची सुटी

नोकरी करणारा मनुष्य सुटी मागतो आणि त्याचा मालक ती देतो किंवा नाकारतो. लहान दुकानदाराची अडचण निराळीच आहे. मालक तोच आणि नोकरहि तोच! मागणाऱ्यास संकोच वाटतो, देणाऱ्याचें मन होत नाहीं, आणि अर्ज वर्षानुवर्षें गल्ल्याखालीं पडून राहतो.

माझें अहिल्यानगरांत – आम्हां जुन्या माणसांच्या तोंडीं अजून ‘नगर’च – वह्यापुस्तकांचें लहानसें दुकान आहे. त्यामुळें बोलतों आहें तें अनुभवाचें आहे.

आठवड्याची सुटी ही आपणांस सहज मिळालेली वस्तु नव्हे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळें मुंबईच्या गिरणी-कामगारांना १० जून १८९० पासून रविवारची सुटी मिळाली. पुढें १९४८ च्या मुंबई दुकानें व आस्थापना कायद्यानें दुकानेंहि आठवड्यांतून एक दिवस बंद ठेवणें बंधनकारक केलें. आम्ही व्यापारी त्या सक्तीविषयीं कुरकुर करीत असूं. परंतु शेजारचेंहि दुकान बंद असल्यामुळें गिऱ्हाईक जाण्याची धास्ती नसे. २०१७ च्या नव्या कायद्यानें सातहि दिवस दुकान उघडें ठेवण्याची मोकळीक दिली. मोठ्या दुकानांतील नोकरांची साप्ताहिक सुटी त्यानें राखली. गल्ल्यावर एकटा बसणाऱ्या मालकाची सुटी मात्र त्याच्या स्वतःच्याच मर्जीवर राहिली. आणि स्वतःइतका कठोर मालक दुसरा कोण असणार?

कांहीं वर्षांपूर्वीं मे महिन्याच्या अखेरीस मी असाच एकदां उदार झालों. पावसाच्या तोंडावर अकोले तालुक्यांत भंडारदऱ्याच्या परिसरांत काजवे चमकतात, ते मुलांना दाखवावयाचे होते. शनिवारीं दुपारीं दुकान बंद करून सुमारें दीडशें किलोमीटरांचा प्रवास केला. रात्रीं हिरड्या-बेहड्यांचीं झाडें एकदम उजळत आणि एकदम विझत. तें दृश्य जन्मभर विसरणार नाहीं. तेवढ्यावर थांबलों असतों तर बरें होतें. परंतु ‘इतक्या दूर आलोंच आहों तर’ असें म्हणून पहाटे कळसूबाईच्या पायथ्याशीं गेलों. १६४६ मीटरांचें तें महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखर लोखंडी शिड्यांवरून धापा टाकीत चढलों, उतरलों आणि मध्यरात्रीं घरीं पोंचलों. सोमवारीं नेहमीच्या वेळीं दुकान उघडलें. जूनचा हंगाम तोंडावर; त्या झोपाळू अवस्थेंत एका शाळेच्या वह्या दुसरीकडे गेल्या. दहा वर्षांचें गिऱ्हाईक तुटलें.

मी निष्कर्ष काढला, कीं सहल हाच दोष. पुढें दोन वर्षें कोठेंहि गेलों नाहीं. दुकान तर चाललें, पण माझी जीभ तिखट झाली; पेन्सिल बदलून मागणाऱ्या लहान मुलावरहि मी खेंकसूं लागलों. एके रात्रीं सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, चूक काजव्यांची नव्हती. तुम्ही दोन दिवसांत चार दिवस कोंबलेत. आणि माझी सुटी म्हणाल, तर ती पहाटे उठून दशम्या करण्यांतच संपली!”

मला उत्तर सुचलें नाहीं. मात्र आपल्या जिल्ह्यांतील शेतकरी आठवला. पाऊस पडल्याबरोबर तो पेरीत नाहीं. वाफसा येण्याची वाट पाहतो. ओल्या रानांत औत घातलें, तर ढेंकळेंच होतात. नवा अनुभव हा पाऊस आहे. त्याच्यावांचून मन कोरडें पडतें. विश्रांति हा वाफसा आहे; त्याच्यावांचून पावसाचाहि उपयोग होत नाहीं. या दोहोंना आपण ‘सुटी’ या एकाच नांवानें ओळखतों, म्हणून एक घेतली कीं दुसरी आपोआप मिळाली असें समजतों.

तेव्हांपासून आमच्या घरचा नियम साधा आहे. दूरचा प्रवास हंगाम सोडून, आणि एका खेपेस एकच ठिकाण. परत आल्यावर दुसरा दिवस घरीं. त्या दिवशीं दुकान बंद आणि चूलहि बंद, जेवण खाणावळींतलें. बंदची पाटी आठ दिवस आधींच दारावर लावतों. बहुतेक गिऱ्हाइकें समजून घेतात. शिवाय नवें पाहण्यास दरवेळीं दूर जावें लागत नाहीं. पाथर्डीच्या रस्त्यानें गेल्यास डोंगरावर जो ‘चांदबिबीचा महाल’ दिसतो, तो वास्तविक निजामशाहीचा मंत्री सलाबतखान याची कबर आहे. जन्म नगरांत गेला, तरी त्या अष्टकोनी इमारतीच्या सावलींत स्वस्थ बसण्याचा योग मला पन्नाशींत आला. संध्याकाळीं गेलों आणि दिवेलागणीनंतर घरीं परतलों. दुसऱ्या दिवशींचीं बिलें बिनचूक झालीं.

यांत गल्ला कांहीं बुडतो, हें मी लपवीत नाहीं. परंतु तुटलेलें तें गिऱ्हाईक अद्याप परत आलेलें नाहीं. त्या मानानें बंद दिवसांचा तोटा किरकोळ आहे. माझ्या व्यवसायबंधूंना आणि भगिनींना इतकेंच सुचवितों, कीं आज रात्रीं हिशेबाची वही मिटण्यापूर्वीं गल्ल्याखालचा तो अर्ज काढावा, आणि मालकानें त्यावर सही करावी.