गोष्ट पुरती माहीत हवी
(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



सकाळच्या गटचर्चेत एकीनं विचारलं, "ताई, आत्मविश्वास बाळगा असं आपण बायकांना सांगतो. पण तो उभा कशावर करायचा? परंपरेवर म्हणाल, तर तिनंच आपल्याला दाबलं. परंपरा टाकून द्या म्हणाल, तर बाईच्या हातात उरतं काय?" प्रश्न खरा आहे. त्याचं उत्तर शोधायला मी आज तुम्हाला जरा लांब, हवाई बेटांवर नेणार आहे. मी स्वतः तिथं गेलेली नाही. सांगते आहे ते वाचलेलं.

हवाई म्हटलं की आपल्याला जाहिरातीतली बाई आठवते. गळ्यात फुलांचा हार, कमरेला गवताचा झगा, येणाऱ्या पाहुण्याकडे बघून हसणारी. तिथल्या प्राध्यापिका आणि कार्यकर्त्या हौनानी-के ट्रास्क (१९४९-२०२१) यांनी या चित्राचा फार कडक समाचार घेतला. आमची जमीन घेतली, आमची भाषा घेतली आणि आता आमचं नाचणंही हॉटेलवाले विकतात, असा त्यांचा रोख होता. तेव्हा ती हसरी बाई बाजूला ठेवू आणि खऱ्या बायकांकडे वळू.

हवाईच्या भाषेत कथा आणि इतिहास या दोन्हींना एकच शब्द आहे : मोओलेलो. पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आलेलं सांगणं. त्यातली एक गोष्ट ऐका. आकाशपिता वाकेआ आणि त्याची मुलगी होओहोकुकलानी यांना पहिलं मूल झालं ते मृत. ते घराजवळ पुरलं. तिथून एक रोप उगवलं. ते कालोचं रोप, म्हणजे आपलं अळू. आपण परसात, सांडपाण्याच्या कडेला लावतो तेच. दुसरं मूल जिवंत जन्मलं, त्याचं नाव हालोआ. तो माणसांचा पूर्वज. म्हणजे अळू हा माणसाचा थोरला भाऊ. त्यानं धाकट्याला खाऊ घालायचं आणि धाकट्यानं त्याची निगा राखायची. जमिनीला तिथं 'आइना' म्हणतात, खाऊ घालणारी. ज्या माणसाला आपलं नातं असं जमिनीशी सांगता येतं, त्याला 'तू कोण?' असं कुणी दरडावून विचारलं तर तो गडबडत नाही.

पण बापाला मुलीपासून मूल, हे ऐकून तुम्ही दचकलात ना? दचकायलाच हवं. कारण गोष्ट इथं संपत नाही. वाकेआची बायको पापा, म्हणजे धरतीमाता. तिच्यापासून हे लपवायचं होतं. म्हणून पुजाऱ्यानं युक्ती काढली : बायकांनी आणि पुरुषांनी एकत्र जेवायचं नाही, आणि महिन्यातल्या काही रात्री नवरा-बायकोनं वेगळं राहायचं. देवाचा नियम म्हणून तो जाहीर झाला. पुढं तोच 'आइ कापू' म्हणून समाजावर बसला. पुरुषांचं जेवणघर वेगळं, बायकांचं वेगळं. डुकराचं मांस, केळी, नारळ आणि काही मासे बायकांना बंद. नियम मोडला तर मरणाची शिक्षा.

लक्षात घ्या, ज्या गोष्टीनं अळूशी नातं दिलं, त्याच गोष्टीनं हेही सांगून ठेवलंय की ही बंदी कुणाच्या सोयीसाठी जन्माला आली. अर्धी गोष्ट ऐकवली तर ती बाईला गप्प करते. पुरती ऐकली तर प्रश्न विचारायला लावते.

ती बंदी कुणी मोडली? १८१९ च्या मे महिन्यात सगळी बेटं एका राज्याखाली आणणारा राजा कामेहामेहा वारला. त्याची राणी काआहुमानू हिनं जाहीर केलं की नव्या राजाबरोबर राज्यकारभार मीही पाहणार. नव्या राजाची आई केओपुओलानी हिनं आपल्या धाकट्या मुलाबरोबर बसून जेवण केलं. या दोघींच्या आग्रहापुढं अखेर राजा नमला. नोव्हेंबरातल्या मेजवानीत तो उठला आणि बायकांच्या पंक्तीत जाऊन जेवायला बसला. झालं. आकाश कोसळलं नाही. ख्रिस्ती मिशनरी तिथं उतरले ते पुढच्या वर्षी, १८२० साली. परदेशी जहाजांचं येणं-जाणं चाळीस वर्षं चालू होतं, त्याचाही परिणाम होताच. पण बंदी मोडणारे हात तिथल्याच बायकांचे होते.

इथं थांबून टाळ्या वाजवल्या तर पुन्हा अर्धीच गोष्ट होईल. जुना धर्म राखायला काही लोक लढले. त्यांच्यात मानोनो नावाची स्त्री नवऱ्याच्या खांद्याला खांदा लावून लढली आणि मारली गेली. आणि ज्या काआहुमानूनं पंक्ती एक केल्या, तिनंच ख्रिस्ती झाल्यावर, १८३० साली, जाहीरपणे हुला नाचायला बंदी घातली. हुला म्हणजे नुसता नाच नव्हे. लिपी येण्याआधी वंशावळी, देवकथा, गावांची नावं त्यातच जपलेली होती. म्हणजे सत्ता हातात आलेली बाईही आपल्याच बायांचं धन पुरू शकते. हे आपणही ध्यानात ठेवलेलं बरं.

पुढं १८९३ च्या जानेवारीत अमेरिकी सैनिकांच्या पाठबळावर तिथल्या गोऱ्या धंदेवाल्यांनी राणी लिलिउओकलानीला पदच्युत केलं. १८९५ साली तिला तिच्याच राजवाड्यातल्या एका खोलीत कैद केलं. तिनं काय केलं? सोबतिणीच्या मदतीनं रेशमी तुकडे जोडून गोधडी शिवली आणि तिच्यावर आपल्या राज्याचे झेंडे भरले. विश्वोत्पत्तीचं आणि राजवंशाचं दोन हजारांहून अधिक ओळींचं स्तोत्र आहे, 'कुमुलिपो'. त्याचं तिनं इंग्रजीत भाषांतर केलं. ते १८९७ साली छापलं गेलं. राज्य गेलं होतं, पण आपण कुठून आलो हे तिला मुखोद्गत होतं.

त्याच वर्षी अमेरिकेत विलीन व्हायला विरोध म्हणून सह्यांची मोहीम झाली. पुरुषांची संघटना वेगळी, बायकांची वेगळी. बायका बेटाबेटांवर फिरल्या. सगळ्या मिळून एकवीस हजारांवर सह्या जमल्या, आणि मूळ हवाईयन लोकसंख्या तेव्हा चाळीस हजारांच्या आसपास होती! विलीनीकरणाचा करार सिनेटमध्ये अडला. पण १८९८ साली, स्पेनशी युद्ध चालू असताना, साध्या बहुमताच्या ठरावानं बेटं घेतलीच. आणि पुढच्या पिढ्यांना शिकवलं काय? तुमचे लोक गप्प राहिले. ते सह्यांचे कागद वॉशिंग्टनच्या दप्तरखान्यात पडून होते. १९९० च्या दशकात नोएनोए सिल्वा या अभ्यासक बाईंनी ते शोधून लोकांपुढं आणले. माणसं यादीत बोट फिरवून आपल्या पणजीची सही शोधू लागली. ती गप्प बसलेली नव्हती, हे कळल्यावर पणतीचा कणा ताठ होणारच.

भाषेचंही तेच. १८९६ च्या कायद्यानं शाळेतून हवाईयन हद्दपार झाली. १९८० च्या सुमाराला ती बोलणारी मुलं पन्नासही उरली नव्हती. १९८४ साली आईबापांनी आणि शिक्षकांनी पहिली बालवाडी काढली, 'पूनाना लेओ', म्हणजे आवाजाचं घरटं. तिला आधार कशाचा होता? मेरी कावेना पुकुई हिच्यासारख्यांच्या कामाचा. पुकुईला आजीनं वाढवलं आणि आजीच्या मांडीवर ऐकलेलं तिनं आयुष्यभर टिपलं. १९५७ चा हवाईयन शब्दकोश तिचा आणि एका सहकाऱ्याचा. त्याखेरीज तिनं जवळजवळ तीन हजार म्हणी गोळा केल्या.

त्यांच्या भाषेतला एक शब्द मी आपल्यासाठी उचलून आणलाय : कुलेआना. त्याचा अर्थ हक्क आणि त्याचाच अर्थ जबाबदारी. परंपरेवर माझा हक्क आहे, म्हणजे तिच्यातलं काय ठेवायचं आणि काय मोडायचं हे ठरवायची जबाबदारीही माझीच. ती मी पुजाऱ्याकडे, पुढाऱ्याकडे किंवा हॉटेलवाल्याकडे सोपवणार नाही. सकाळच्या प्रश्नाला माझं उत्तर एवढंच. परंपरेपुढं मान तुकवायची नाही आणि तिच्याकडे पाठही फिरवायची नाही. ती पुरती ऐकायची, आणि मग ठरवायचं.

आता एक काम करू. प्रत्येकीनं वही काढा. आईचं नाव लिहा, आजीचं, मग पणजीचं. लग्नाआधीचं, माहेरचं नाव लिहायचं. आपल्याकडे लग्नात नावंसुद्धा बदलली, म्हणून पुष्कळजणींचा हात तिथंच थांबेल. थांबू द्या. घरी गेल्यावर विचारा, जुन्या बायकांना गाठा. ती जात्यावर काय म्हणायची, कुठल्या गोष्टीला नाही म्हणाली, हेही विचारा. आणि आवडणार नाही असं काही निघालं तर तेही लिहा, खोडू नका. पुढच्या बैठकीत आपण या वह्यांपासूनच सुरुवात करू.