चेन-सॉ: दोरी ओढण्याआधीची पंधरा मिनिटं

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही, त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. बोललो तसंच ठेवलंय, फक्त अडखळणं तेवढं काढून टाकलंय.

आजचा विषय थोडा वेगळा आहे. चेन-सॉ. पेट्रोलवर चालणारी, झाडं कापायची करवत. आमच्याकडे जळगाव-धुळ्याच्या खेड्यांत "मशीन आणलं का भो?" एवढं विचारलं तरी झाडाशेजारी उभ्या माणसाला कळतं कुठलं मशीन ते. तुम्ही म्हणाल, हा सॉफ्टवेअरवाला, याचा काय संबंध? सांगतो.

मे-जूनमध्ये पावसाआधीची वादळं येतात. रावेर, यावल, चोपडा या केळीच्या पट्ट्यात त्यांनी काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. आडव्या झालेल्या केळीला कोयता पुरतो. पण बांधावरचा लिंब, चिंच किंवा बाभूळ शेतरस्त्यावर पडली की चेन-सॉ लागते. तिकडे शिरपूर-साक्रीलाही तेच. मशीन गावात एखाद-दुसरंच असतं. ते या शेतातून त्या शेतात फिरतं, आज एकाच्या हातात, उद्या दुसऱ्याच्या. काम उक्तं ठरतं, झाडामागे इतके रुपये. म्हणजे जितकं लवकर संपेल तितकं पुढचं झाड लवकर मिळणार. देखभालीसाठी थांबलेल्या वेळाचे पैसे कुणीच देत नाही.

आमच्या कामात याला ओळखीचं रूप आहे. ज्या सिस्टिमला सगळे वापरतात पण मालक कुणीच नाही, ती रात्री दोन वाजता पडते. फरक एवढाच, की आमची सिस्टिम पडली तर मॅनेजर फोन करतो. इथे एखाद्याचा पाय जातो.

मी बरीच मॅन्युअलं वाचली, मशीन उघडून बघितलं, चालवणाऱ्यांशी बोललो. त्यातून एकच गोष्ट पक्की झाली: अपघात होतो कापताना, पण तो ठरतो दोरी ओढायच्या आधी. ती पंधरा मिनिटं काय करायचं, तेच आज बघू.

आधी धोका नेमका कुठे आहे ते. पूर्ण रेसवर चेन सेकंदाला साधारण 20 मीटर पळते, म्हणजे ताशी 70 किलोमीटरच्या आसपास. आता पट्टीचं टोक डोळ्यांसमोर आणा. टोक उजवीकडे आहे आणि ती घड्याळाची तबकडी आहे असं धरा. 12 ते 3 हा जो वरचा पाव भाग, तो लाकडाला टेकला की दात लाकडात अडकतो आणि सगळी पट्टी उसळून वर, मागे, थेट तोंडाच्या दिशेने येते. याला किकबॅक म्हणतात. हे सगळं सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात उरकतं. माणसाला एखादी गोष्ट दिसून हात हलवायला त्याच्या दुप्पट तरी वेळ लागतो. म्हणजे "माझा हात बसलाय, मी सांभाळतो" हे वाक्य गणितातच बसत नाही. कितीही वर्षांचा अनुभव असू द्या.

म्हणून मशीनवर चेन-ब्रेक असतो. पुढच्या दांड्यासमोरची ती प्लास्टिकची ढाल केवळ हाताला लागू नये म्हणून नाही. पट्टी जोरात उसळली की ढाल स्वतःच्या जडत्वाने पुढे पडते आणि आतला पट्टा क्लचचा ड्रम आवळून धरतो. घरातल्या एमसीबीसारखंच, माणसाला कळायच्या आत तोडतो. पण एमसीबी कुणी तार जोडून बायपास केला तर? भुशाने भरलेला, कधीच न तपासलेला ब्रेक तसाच असतो.

तर पहिली तपासणी ब्रेकची. मशीन दोन्ही हातांनी घट्ट धरून, पट्टी कशालाही न टेकवता, रेस द्यायची आणि पुढच्या हँडलवरची पकड न सोडता डाव्या मनगटाने ढाल पुढे ढकलायची. चेन तिथल्या तिथे थांबली पाहिजे. घरंगळत थांबली तर त्या दिवशी काम बंद. त्याच वेळी दुसरी गोष्ट बघून घ्या: रेस सोडल्यावर, ब्रेक मोकळा असताना चेन फिरता कामा नये. फिरत असेल तर आयडलचा स्क्रू कमी करायचा. तरीही फिरली तर क्लच मेकॅनिककडे.

तिसरी तपासणी चेनच्या ताणाची. इंजिन बंद, हातमोजे घातलेले, चेन थंड. चेन पट्टीला खालून चिकटून बसलेली हवी आणि हाताने ओढली तर सहज सरकायला हवी. लोंबत असेल तर निसटेल. फार घट्ट असेल तर पट्टी आणि स्प्रॉकेट खाईल. नवी चेन पहिल्या काही मिनिटांत सैल पडते, तेव्हा थांबून पुन्हा बघायचं. आणि गरम चेन आवळली असेल तर काम संपल्यावर ती सैल करून ठेवा, कारण थंड होताना ती आक्रसते.

चौथी गोष्ट ऑइल. दोन ऑइलं वेगळी आहेत, इथे गल्लत नको. एक टू-स्ट्रोकचं, जे पेट्रोलमध्ये मिसळतं. मॅन्युअलमध्ये 50:1 लिहिलं असेल तर एक लिटरला 20 मिलिलिटर, 25:1 असेल तर 40. अंदाजाने धार सोडायची नाही, मापाचं झाकण वापरायचं. दुसरं चेनचं ऑइल, वेगळ्या टाकीत. दर वेळी पेट्रोल भरताना हेही भरायचं. ते येतंय का हे बघायला पट्टीचं टोक एखाद्या कोरड्या खुंटासमोर धरून रेस द्या, ऑइलची बारीक रेघ उमटली पाहिजे. आपल्याकडे इथे ट्रॅक्टरचं जळकं ऑइल सर्रास टाकतात. फुकट मिळतं, मान्य. पण त्यात धातूचे कण असतात, ते पंप आणि पट्टी दोन्ही खातात. शिवाय तेच ऑइल बारीक फवाऱ्यासारखं चालवणाऱ्याच्या अंगावर आणि नाकात जातं, आणि वापरलेलं इंजिन ऑइल कातडीला, शरीराला घातक असतं.

पेट्रोलचं एक नवं दुखणं. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. टाकीत आठवडेच्या आठवडे मिश्रण पडून राहिलं की पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन तळाशी बसतं, आणि त्या थरात टू-स्ट्रोकचं ऑइल नसतं. पुढच्या वेळी इंजिनाला आधी तेच मिळतं, म्हणजे पिस्टन कोरडा. बऱ्याच मशीनच्या मॅन्युअलमध्ये इथेनॉलची मर्यादा 10 टक्के लिहिलेली आहे, तुमची बघून घ्या. कुठलंही मशीन असो, मिश्रण लागेल तेवढंच ताजं करा आणि मशीन ठेवून देताना टाकी रिकामी करून, आतलं संपेपर्यंत चालवून मग ठेवा. पेट्रोल भरताना इंजिन थंड, बिडी लांब, आणि भरलेल्या जागेपासून दहाएक पावलं दूर जाऊन मगच सुरू करा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, धार. हे मला एका मशीन चालवणाऱ्या काकांनी शिकवलं. मी दातांकडे बघत होतो. ते म्हणाले, "दातांकडे नको पाहू, खाली पाय." पाय म्हणजे बघ. खाली जाडसर ढलप्या पडत असतील तर धार आहे. पिठासारखा भुसा पडत असेल तर धार गेली. बोथट चेन आपोआप आत ओढली जात नाही, मग माणूस वरून दाबतो, अंगाचा भार टाकतो, आणि लाकूड तुटलं की तोल जाऊन पट्टी थेट मांडीवर. म्हणून धारदार चेनपेक्षा बोथट चेन जास्त घातक. आपल्याकडे तर बाभूळ आणि अंजनासारखं कडक लाकूड, त्यात बुंध्याला चिकटलेली माती. एकदा चेन जमिनीला घासली की धार गेलीच समजा.

धार लावायला गोल कानस लागते, पण कुठलीही नाही. चेनच्या मापानुसार 4, 4.8 किंवा 5.2 मिलिमीटर, मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. इंजिन बंद, पट्टी शिकंज्यात धरलेली. कानस आतून बाहेर, फक्त पुढे ढकलताना घासायची, मागे आणताना उचलायची. बहुतेक चेनला 30 अंशाचा कोन असतो, दाताच्या माथ्यावर त्याची रेघही असते. सगळ्या दातांना सारखेच दोन-तीन हात. एका बाजूचे दात लांब राहिले तर काप वाकडा जातो. दातासमोर एक छोटा उंचवटा असतो, तो दात किती खोल खाणार हे ठरवतो. साधारण 0.65 मिलिमीटरचा फरक ठेवतात, पण आपल्या चेनचं माप बघून आणि गेज लावून. "जास्त कापेल" म्हणून तो उंचवटा फार घासला तर मशीन झटके मारतं आणि किकबॅक वाढतो. बरोबरच एअर फिल्टर झटका, पट्टीची खोबण साफ करा आणि पट्टी दर वेळी उलटी बसवा, म्हणजे एकाच बाजूने झिजत नाही.

झाली पंधरा मिनिटं. आता अंगावरचं. मे महिन्यात 45 अंशात हेल्मेट आणि जाड पँट घाला म्हणणं एसीत बसून सोपं आहे, हे मला कळतं. पण क्रम लावा. इजा सगळ्यात जास्त पायांना आणि डाव्या हाताला होतात. चेन-सॉसाठीच्या संरक्षक पँटमध्ये लांब धागे असतात, ते चेनमध्ये गुंतून स्प्रॉकेट जाम करतात. नुसती जाड जीन्स हे करत नाही. मग बूट, डोळ्यांवर जाळी किंवा चष्मा, कानांना मफ, कारण आवाज 100 डेसिबलच्या वर असतो. गळ्यातलं उपरणं, लुंगी, सैल बाह्या, या तीन गोष्टी तर फुकटात काढून ठेवता येतात. गरमीवर उपाय म्हणजे सकाळी लवकर काम आणि दुपारी सुट्टी.

सुरू करताना मशीन जमिनीवर, मागच्या हँडलमध्ये बुटाचं टोक, ब्रेक लावलेला. हवेत लटकवून झटका देणं बंद. डाव्या हाताचा अंगठा पुढच्या दांड्याखालून वळलेला असला पाहिजे. खांद्याच्या वर कापायचं नाही, शिडीवरून तर अजिबात नाही.

वादळात पडलेलं झाड हे उभ्या झाडापेक्षा फसवं असतं. ते मेल्यासारखं दिसतं, पण ताणलेल्या धनुष्यासारखं असतं. कापण्याआधी बघा, कुठली बाजू दबलेली आहे आणि कुठली ताणलेली. ओंडका दोन्ही टोकांवर टेकलेला असेल तर वरची बाजू दबलेली असते. आधी वरून एक तृतीयांश कापा, मग खालून. एक टोक हवेत असेल तर उलट: आधी खालून एक तृतीयांश, मग वरून. मुळांसकट उपटलेलं झाड असेल तर खोड सुटताच मुळांचा गड्डा परत खड्ड्यात बसू शकतो. त्याच्यामागे कुणी, विशेषतः पोरं, उभी नकोत. आणि झाड तारेवर पडलं असेल तर त्याला हातही लावायचा नाही. महावितरणला 1912 वर फोन, वीज बंद झाल्याची त्यांच्याकडून खात्री, मग पुढचं.

उभं झाड पाडायचं असेल तर आणखी दोन गोष्टी. चिंच, आंबा, मोह, साग, अंजन, जांभूळ अशी झाडं स्वतःच्या शेतातली असली तरी 1964 च्या कायद्यानुसार तोडायला परवानगी लागते. हा कागदाचा प्रश्न वाटतो, पण चोरून केलेलं काम नेहमी घाईत आणि अंधारात होतं. दुसरं, झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात मदतनिसाशिवाय कुणी नको, आणि मागे तिरक्या दिशेने पळायची वाट आधीच साफ हवी.

हे सगळं चालवणाऱ्याला सांगणं सोपं आहे. पण ऐकणाऱ्यांत चालवणारे थोडे, बोलावणारे जास्त. म्हणून शेवटचं तुमच्यासाठी. काम उक्तं देताना चार प्रश्न विचारा: ब्रेक तपासला का? धार कधी लावली? पायात काय घातलंय? सोबत दुसरा माणूस आहे का? आणि धार लावायला लागणाऱ्या वेळाचे पैसे मजुरीत धरा. चहाला थांबवतो तसं कानशीला थांबवा. जखम झालीच तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, सोडून सोडून बघू नका, आणि 108 लावा. यावलच्या पायथ्याच्या शेतातून जळगावचं सरकारी रुग्णालय काही जवळ नाही. मधला तो वेळ त्या माणसाचा असतो, तुमचा नाही.

तुमच्या गावात मशीन असेल तर हा भाग त्या माणसापर्यंत पोहोचवा. वाचून दाखवा, ऐकवा, कसंही. काही चुकलं असेल, तुमच्याकडे आणखी चांगली पद्धत असेल तर नक्की कळवा, पुढच्या भागात घेऊ. सांभाळून राहा. भेटूच.