खुणेचा दगड आणि आमचं जीपीएस

(मंडळाच्या उन्हाळी सहलीच्या तयारीसाठी भरलेल्या बैठकीतलं भाषण)



सहल समितीनं मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय, ‘हातातल्या जीपीएसमध्ये आपली ठिकाणं कशी भरावीत’. मी पोटापाण्यासाठी कन्सल्टंट आहे. पंधरा मिनिटांत सांगण्यासारख्या गोष्टीला तीन महिने आणि चाळीस स्लाइड्स लावायची आम्हाला सवय. पण इथे प्रोजेक्टर नाही आणि मागून बटाटेवड्यांचा वास सुटलाय, तेव्हा तुमचं नशीब चांगलं आहे.

आधी नेहमीचा प्रश्न: खिशात फोन असताना हे वेगळं यंत्र कशाला? फोन वाईट नाही. नकाशा आधी उतरवून घेतला तर रेंज नसतानाही त्याचं जीपीएस चालतं. पण व्हाइट माउंटन्समध्ये थंडीनं बॅटरी झरझर उतरते, ओल्या बोटांना पडदा दाद देत नाही, आणि एकदा दगडावर आपटला की संपलं. माझं गार्मिनचं ईट्रेक्स दोन पेन्सिल सेलवर दिवसभर चालतं, हातमोजे घालूनही त्याची बटणं दाबता येतात. मी दोन्ही नेतो. आणि कागदी नकाशाही नेतो. तो का, ते आता सांगतो.

दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये माझे आईबाबा पुण्याहून आले होते. आईचे गुडघे दुखतात, म्हणून ती घरीच थांबली. बाबा, मी, बायको आणि आमची आठ वर्षांची कन्या असे चौघे निघालो. बेत साधा होता. क्रॉफर्ड पाथनं माउंट पिअर्सवर चढायचं, तिथून वेबस्टर क्लिफ ट्रेलनं खाली उतरून मिझ्पा स्प्रिंग हटमध्ये मुक्काम. क्रॉफर्ड पाथ 1819 साली पाडलेली वाट आहे, आजही वापरात. पिअर्स 4300 फुटांच्या आसपास. माथ्यापासून हट मैलभरसुद्धा नाही.

आदल्या आठवड्यात मी रात्री बसून सगळी ठिकाणं एक्सेलमध्ये भरली होती. गाडी कुठे लावायची, पाणी कुठे, वाट कुठे फुटते, हट कुठे. छान फाइल केली, यंत्रात भरली. बाबांना दाखवलीसुद्धा. ते म्हणाले, “कुणी सांगितली ही ठिकाणं?” मी म्हटलं, “बाबा, नेटवर, पुस्तकात, सगळीकडे असतात.” ते ‘बरं’ म्हणाले. त्यांचं ‘बरं’ म्हणजे काय असतं ते मला चाळीशीला टेकल्यावर कळायला लागलंय.

माथ्याजवळ पोचलो आणि धुकं आलं. वीस पावलांपलीकडचं दिसेना. वारा सुटला. त्याच रांगेतल्या माउंट वॉशिंग्टनवर 12 एप्रिल 1934 ला ताशी 231 मैलांचा वारा मोजला गेला होता. आमचा त्या मानानं झुळूकच म्हणायचा, पण मुलीचे ओठ निळे पडायला तेवढाही पुरला. मी ऐटीत यंत्र काढलं, ‘हटकडे जाणारा फाटा’ निवडलं. बाण फिरला आणि एका दिशेला स्थिरावला. अंतर चारशे यार्डांच्या पुढे. मला वाटलं, अजून थोडं जायचंय. निघालो.

शंभरएक पावलांत वाट हरवली. कमरेएवढी खुरटी फरची झाडं, पायाखाली ओलं शेवाळ. बायको म्हणाली, “वाटेवर आहोत ना?” मी बाण दाखवला. बाबा थांबले. म्हणाले, “यंत्र काय म्हणायचं ते म्हणू दे. इथे माणूस चाललेला नाही. शेवटची दगडांची रास कुठे दिसली होती?”

इथल्या उघड्या माथ्यांवर वाट दाखवायला दगडांच्या राशी रचलेल्या असतात, ते तुम्हाला माहीतच आहे. मी जरा चिडूनच म्हणालो, “बाबा, याला आकाशातून दिसतंय.” पण मुलीकडे बघितलं आणि गप्प बसलो. आम्ही मागे फिरलो. गंमत म्हणजे मागे नेलं त्याच यंत्रानं! चालताना ते आपला मार्ग आपणच नोंदवत असतं, त्या रेघेवरून आम्ही शेवटच्या राशीपाशी आलो. तिथून बाबा एका राशीपाशी उभे राहायचे, मी हाक ऐकू येईल इतपत पुढे जाऊन दुसरी शोधायचो. अशा चार राशी झाल्यावर लाकडी पाटी दिसली. त्यानंतर पाऊण तासानं आम्ही हटमध्ये गरम सूप पीत होतो.

म्हणजे एकाच यंत्रानं वाट चुकवली आणि त्यानंच परत आणलं. असं का? घरी येऊन मी शोधलं.

पुस्तकातून टिपून घेतलेले अक्षांश माझ्या वहीत होते 44 अंश 13 मिनिटं 36 सेकंद. रेखांश 71 अंश 21 मिनिटं 54 सेकंद पश्चिम. यंत्रावर साधारणपणे मिनिटं दशांशात दिसतात, त्यामुळे माझ्या डोक्यात तेच बसलेलं. मी 13 मिनिटं 36 सेकंद हे 13.36 मिनिटं म्हणून घेतलं. पण 36 सेकंद म्हणजे 0.36 मिनिटं नव्हेत, 0.6 मिनिटं! दशांशात बरोबर अक्षांश 44.2267, माझा आला 44.2227. रेखांश हवा होता 71.3650, माझा झाला 71.3590. डोळ्याला काय फरक दिसणार? जमिनीवर मात्र दोन्ही मिळून साडेसहाशे मीटर, आग्नेयेला, जंगलात.

मे 2000 पर्यंत अमेरिकन सरकार नागरी जीपीएसच्या संकेतात मुद्दाम चूक घालत असे, शंभर मीटरपर्यंतची. ती बंद केली आणि यंत्रं काही मीटरवर आली. एवढ्या अचूक यंत्राला मी एकट्यानं, एका रात्रीत, साडेसहाशे मीटर चुकवलं. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची पदवी आहे माझ्याकडे.

यंत्रानं स्वतः नोंदवलेली रेघ खरी होती. मी त्याला सांगितलेला बिंदू खोटा होता. पडद्यावर दोन्ही सारखेच ठाम दिसतात. आज मला सांगायचंय ते एवढंच. आता ते बिंदू नीट कसे भरायचे, ते पाककृतीसारखं सांगतो.

पहिलं, रूपांतर. मिनिटांना 60 नं भागा, सेकंदांना 3600 नं, आणि दोन्ही अंशांत मिळवा. हे सूत्र एक्सेललाच करू द्या, अंश, मिनिटं, सेकंद तीन वेगळ्या रकान्यांत ठेवून. अमेरिकेत रेखांश पश्चिम, म्हणून उणे चिन्ह. ते विसरलात तर माउंट पिअर्स कझाकस्तानात जातो.

दुसरं, क्रम. गार्मिनचा पीओआय लोडर नावाचा प्रोग्रॅम सीएसव्ही फाइल घेतो. पीओआय म्हणजे पॉइंट ऑफ इंटरेस्ट, आपल्या कामाचं ठिकाण. रकाने असे: आधी रेखांश, मग अक्षांश, मग नाव, मग टीप. आपण बोलताना अक्षांश आधी म्हणतो, इथे उलटं आहे. शाळेतला आलेख आठवा, आधी आडवं, मग उभं. उलट भरलंत तर पिअर्स अंटार्क्टिकाच्या बर्फावर. या चुका बऱ्या, कारण लगेच हसू येतं. मोठी चूक हसवते, छोटी चूक फसवते.

तिसरं, दशांश स्थळं. एक्सेलमध्ये रकाना दोनच दशांश दाखवत असेल, तर सीएसव्हीमध्येही दोनच उतरतात, आणि 0.01 अंश म्हणजे उत्तर-दक्षिण किलोमीटरहून जास्त. पाच स्थळं ठेवा. पाचवं स्थळ म्हणजे साधारण एक मीटर.

चौथं, फाइल कुठली? माझ्यासारखे धांदरट असाल तर जीपीएक्स वापरा. त्यात अक्षांश आणि रेखांश नावानिशी लिहिलेले असतात, म्हणून अदलाबदल सहसा होत नाही, आणि फोनवरची बरीच ॲप्सही ती वाचतात. यंत्र केबलनं जोडून त्यातल्या जीपीएक्स फोल्डरमध्ये टाकली की ठिकाणं वेपॉइंट म्हणून दिसतात. वेपॉइंट यंत्रावर बदलता येतात, पण त्यांना मर्यादा असते, ईट्रेक्स 30 मध्ये 2000. पीओआय लोडरनं भरलेली ठिकाणं वेगळ्या गटात राहतात आणि चुकून बटण दाबून सरकत नाहीत. सगळ्या मंडळाची सामायिक यादी असेल तर हेच बरं. मात्र नवी फाइल भरताना जुनीवर लिहिली जाऊ शकते, म्हणून मूळ फायली एका फोल्डरमध्ये ठेवून दर वेळी सगळ्या एकत्र भरा.

पाचवं, आणि हे मी केलं नव्हतं: तपासणी. निघण्याआधी सगळे बिंदू कॉम्प्युटरच्या नकाशावर बघा. फाटा वाटेच्या रेघेवर पडतोय का? दोन मिनिटांचं काम. माझा बिंदू रेघेपासून कोसभर दूर, असं कुणीही शाळकरी पोरानं सांगितलं असतं.

सहावा मुद्दा टिपेचा. तो बाबांनी शिकवला.

त्या डिसेंबरात आम्ही पुण्याला गेलो. बाबांनी कपाटातून एक जुनी वही काढली, तीस वर्षांच्या सह्याद्रीतल्या भटकंतीची. तिच्यात अंश-मिनिटं काही नाहीत. पण राजगडाच्या पद्मावती माचीवरच्या टाक्याबद्दल लिहिलंय, कुठल्या महिन्यात पाणी कसं होतं, कुणी सांगितलं, आणि स्वतः प्यायले की नाही. प्रत्येक नोंदीपुढे तारीख. काही ठिकाणी नुसतं ‘ऐकीव’. मी विचारलं, “ऐकीव कशाला लिहायचं?” म्हणाले, “म्हणजे त्या भरवशावर पोरांना घेऊन जायचं नाही.”

तेव्हापासून माझ्या फाइलीतल्या टिपेच्या रकान्यात तीन गोष्टी असतात: ठिकाण कुणी टिपलं, कधी टिपलं, आणि तिथे उभं राहून टिपलं की कुठून उतरवून घेतलं. आम्ही बाबांच्या वहीची फाइल करायला घेतली आहे. त्यांना आता गड चढवत नाही. ते पुण्यात खुर्चीत बसून वाचतात, मी इथे रविवारी सकाळी फोनवर टायपतो. अक्षांश-रेखांश मात्र तिथे गेल्याशिवाय भरायचे नाहीत, असं ठरलंय. त्यामुळे फाइलीत अजून पुष्कळ रकाने रिकामे आहेत. त्यांचा पुतण्या सवडीनं एकेक भरतो आणि मला पाठवतो.

यावरून एक सूचना. सुट्टीत भारतात जाताना उपग्रहामार्फत संदेश पाठवणारं यंत्र सामानात टाकू नका. परवान्याशिवाय ते तिथे बेकायदेशीर आहे. साधं जीपीएस न्यायचं असेल तरी आधी नियम विचारून घ्या.

तर आता आपल्या सहलीचं. मंडळाची एक सामायिक फाइल करायचा विचार आहे. पार्किंग, पाणी, फाटे, लहान मुलांना बसवायच्या जागा. ज्यानं जे ठिकाण प्रत्यक्ष पाहिलंय, त्यानंच ते द्यावं. मी ती तपासून सगळ्यांना देईन. आणि मी तपासलेली फाइल निदान दोघांनी पुन्हा तपासावी, ही विनंती आहे. माझा पूर्वेतिहास तुम्ही आत्ताच ऐकलात.

बाबा या उन्हाळ्यात पुन्हा येणार आहेत. सहलीत ते खालीच थांबतील, गाडीपाशी. त्यांनी एकच गोष्ट मागितली आहे. आम्ही वरून परत आलो की फाट्याजवळच्या त्या शेवटच्या राशीचे आकडे त्यांना हवेत, तिथे उभं राहून घेतलेले. वहीत लिहायला.

वडे गार व्हायच्या आत थांबतो. प्रश्न असतील तर चहाबरोबर विचारा.