चाकणचा कांदा आणि बदलतें हवामान

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत पसरलेला प्रदेश आज मोटारींच्या कारखान्यांसाठीं सर्वत्र प्रसिद्ध आहे. परंतु चाकणची जुनी ख्याति आहे ती कांद्याबटाट्याच्या पेठेची. आणि खेड बाजार समितीच्या तेथील आवारांत आजही कांद्याचे लिलाव होतात. कांदा पिकविणारा शेतकरी आणि तो विकत घेऊन खाणारा कामगार हे दोघे येथें शेजारीं नांदतात. त्यामुळें आकाशांतील फेरबदल ताटापर्यंत कोणत्या वाटेनें येतात, हें या भागांत जितकें स्पष्ट दिसतें तितकें अन्यत्र क्वचितच दिसेल.

प्रथम कांद्याचें वर्ष कसें असतें तें पाहिलें पाहिजे. देशांतील सुमारें ७० टक्के कांदा रब्बीचा असतो. तो मार्च ते मे या महिन्यांत निघतो, बराखींत सांठविला जातो, आणि खरिपाचा नवा कांदा येईपर्यंत सर्व देशास पुरवावा लागतो. म्हणजे आश्विनांतला भाव चैत्रांतल्या आकाशावर अवलंबून असतो. काढणीच्या वेळीं अवकाळी पाऊस झाला कीं भिजलेला कांदा टिकत नाहीं. हें जाणून शेतकरी तो मिळेल त्या किमतीस विकून टाकतो. आवक एकदम वाढते आणि भाव कोसळतो. पुढें बराखी रिकाम्या राहतात, आणि चार-सहा महिन्यांनीं तोच भाव चढूं लागतो. अशा वर्षीं स्वस्ताई आणि महर्गता या दोन निराळ्या आपत्ती नसतात. एकाच नुकसानीचे ते दोन हप्ते असतात. पहिला शेतकरी भरतो, दुसरा गृहिणी भरते.

सन २०२३ मध्यें हीं दोन्ही टोकें एकाच वर्षांत दिसलीं. त्या वर्षींचा फेब्रुवारी, दिवसाच्या कमाल तापमानाच्या दृष्टीनें, देशांत १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण ठरला. उशिराच्या खरिपाचा कांदा मुळांतच अल्पायुषी. उष्णतेनें तो अधिकच लवकर खराब होतो. त्याच सुमारास भरघोस आवकेखालीं भाव इतके घसरले कीं राज्य सरकारला क्विंटलमागें ३५० रुपये अनुदान द्यावें लागलें. पुढें ऑगस्ट महिना १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा गेला. त्या महिन्याच्या १९ तारखेस केंद्र सरकारनें कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के कर बसविला. ८ डिसेंबरपासून निर्यातच थांबविली. ती बंदी ४ मे २०२४ रोजीं उठली. मंदीच्या वेळीं मदत मिळाली ती प्रत्येक शेतकऱ्यास २०० क्विंटलपुरती. तेजीच्या वेळीं बंधन आलें तें मात्र सर्वच मालावर. शेतकऱ्याच्या मनांतील शल्य आहे तें हेंच.

पण कामगारही या व्यवहारांत सुखी नाहीं. औद्योगिक कामगारांच्या किंमत-निर्देशांकांत २०१६ च्या आधारवर्षानुसार खाद्यपेयांचा वांटा सुमारें ३९ टक्के धरलेला आहे. किमान वेतनावरील विशेष भत्ता या निर्देशांकाप्रमाणें दर सहा महिन्यांनीं बदलतो. भाजी मात्र रोज विकत घ्यावी लागते. शिवाय खोलीभाडें आणि खाणावळ यांतच ज्याचा पगार संपतो, अशा कंत्राटी मजुराच्या संसारांत अन्नाचा वांटा सरासरीहून बराच मोठा असतो. त्यामुळें भरपाई उशिरा येते आणि तीही अपुरी ठरते.

हा फेरा येथेंच थांबत नाहीं. ऑक्टोबर २०२४ मध्यें देशांत भाजीपाला वर्षभरापूर्वींच्या मानानें ४२ टक्क्यांनीं महागला, आणि एकंदर भाववाढ ६.२१ टक्क्यांवर गेली. रिझर्व्ह बँकेस ती ६ टक्क्यांच्या आंत राखावयाची असते. डिसेंबरांत बँकेनें आपला व्याजदर ६.५० टक्क्यांवर तसाच ठेवला, आणि त्याच्या कारणांत अन्नाच्या किमती होत्या. व्याज उतरलें नाहीं कीं कर्जानें मोटार घेणारा थांबतो, आणि त्याचा परिणाम चाकणच्या कारखान्यांपर्यंत पोंचतो. शेतांतल्या पावसाशीं आपला कांहीं संबंध नाहीं, असें कारखानदारास म्हणतां येणार नाहीं.

मग उपाय कोणता? पाऊस आणि ऊन हातचे नाहींत. सांठवण मात्र आहे. सडणें, कोंब येणें व वजन घटणें यांमुळें सांठविलेल्या कांद्यांतील तिसऱ्या हिश्शाच्या आसपास माल वायां जातो. चाकणहून जवळच, राजगुरुनगर येथें, कांदा व लसूण संशोधनाची केंद्रीय संस्था आहे. ‘भीमा शक्ती’सारखे टिकाऊ वाण तिनें दिले आहेत. हवेशीर बराखी कशा बांधाव्या, हेंही ज्ञात आहे. उणीव आहे ती भांडवलाची. सरकारनें २०२३ मध्यें आपला राखीव सांठा ५ लक्ष टनांपर्यंत वाढविला. पण देशाचें उत्पादन सुमारें ३०० लक्ष टनांचें असतां तेवढ्यानें भाव फार काळ आंवरत नाहींत.

चांगल्या बराखीचा लाभ शेतकऱ्यास मंदींत आणि शहरास तेजींत मिळतो. ज्या गोष्टीचा लाभ दोघांस, तिचा खर्च मात्र एकट्या शेतकऱ्यानें सोसावा, ही रीति न्यायाची नाहीं आणि हिशेबाचीही नाहीं. महर्गता आल्यावर निर्यात रोखण्यांत जो पैसा व जो विश्वास गमावला जातो, त्यांतील थोडा जरी आधीं बराखींत गुंतविला, तरी अवकाळी पावसाचे दोन्ही हप्ते हलके होतील.