पुढे गेलेल्यांची सावड

हल्ली रविवारी सकाळी बुलढाण्याहून राजूर घाटाकडे फिरायला गेलं, की हेल्मेट घातलेली, गियरच्या सायकलींवरची चार-दोन पोरं हमखास भेटतात. २०२६ च्या जानेवारीत पुणे जिल्ह्यात टप्प्याटप्प्यांची आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली, तेव्हापासून त्यांचे प्रश्नही वाढले आहेत. मी तरुणपणी शर्यतीत सायकल चालवली आहे, हे कुणीतरी त्यांना सांगून ठेवलंय. परवा एकानं विचारलं, "काका, शर्यतीत चार-पाच जण घोळक्यातून सुटून पुढे पळतात. ते एकमेकांचे दुश्मन ना? मग एकमेकांना मदत काहून करतात?"

प्रश्न साधा आहे. मला त्याचं उत्तर कळायला मात्र तीन वर्षं लागली होती.

मंडळी, सपाट रस्त्यावर सायकलवाल्याचा खरा वैरी वारा असतो. आपण वेग दुप्पट केला, की हवेचा अडथळा चौपट होतो आणि तो कापायला ताकद आठपट लागते. पुढच्याच्या चाकामागे वीतभर अंतर ठेवून चाललं, तर साधारण तिसरा हिस्सा ताकद वाचते. शंभर जणांच्या घोळक्यात वारा खायला पुष्कळ माणसं असतात. पुढे पळालेल्या चौघांत प्रत्येकाला चौथा हिस्सा वारा खावाच लागतो. म्हणून बहुतेक वेळा घोळकाच जिंकतो. रॉबेर शापात नावाचे एक फ्रेंच सायकलपटू पुढे समालोचक झाले. त्यांचा ठोकताळा असा, की एका मिनिटाची आघाडी मोडायला घोळक्याला दहा किलोमीटर लागतात. म्हणजे शेवटचे वीस किलोमीटर उरले असताना तुमच्याकडे तीन मिनिटं असली तर आशा धरावी, एकच असली तर मागे वळून पाहूच नये.

आपल्याकडे एक-एक बैल असलेले दोन शेतकरी सावड करतात. आज तुझं वावर, उद्या माझं. पुढे पळालेल्यांचंही तसंच असतं. फरक एवढाच, की ही सावड शेवटच्या एक-दोन किलोमीटरला मोडणार, हे सगळ्यांना आधीपासून ठाऊक असतं आणि त्यात कुणाला वावगं वाटत नाही.

या सावडीचे कायदे कुठे लिहिलेले नाहीत. आपला नंबर आला की पुढे जायचं, पण झटका मारायचा नाही. आहे तोच वेग ठेवायचा, नाहीतर मागच्यांची साखळी तुटते. अर्धा-एक मिनिट वारा खाल्ला, की कोपर हलवून मागच्याला खूण करायची आणि ज्या बाजूनं वारा येतोय त्या बाजूला सरकून मागे यायचं. कुणी पाणी पिताना, कुणाची चेन पडली असताना हल्ला करायचा नाही. थकला असाल तर तोंडानं सांगायचं आणि शेवटच्या जागेवर बसायचं, मध्ये राहून फट पाडायची नाही. आणि जो मागे बसून आला, त्यानं शेवटी उडी मारून पहिलं यायचं नाही. निदान आलाच, तर टाळ्यांची अपेक्षा ठेवायची नाही.

हा शेवटचा कायदा मी मोडला आहे.

१९८६ ची गोष्ट. प्रजासत्ताक दिनाला मलकापूर ते बुलढाणा अशी गावपातळीवरची शर्यत होती. साध्या काळ्या सायकली, गियर नाही. तीसेक जण असू. मलकापूरहून मोताळ्यापर्यंत पूर्णेच्या खोऱ्यातला बराचसा सपाट रस्ता, दोन्हीकडे काळी जमीन, कापसाच्या गाड्या चुकवत जायचं. राजूर गाव सोडलं की घाट, आणि वर बुलढाणा. ज्याला जिंकायचं आहे त्यानं घाटासाठी पाय राखून ठेवायचे, हे शेंबड्या पोरालाही कळावं. मुंबई-पुणे शर्यतीचं सारं नाट्य जसं बोरघाटात आणि 'घाटाचा राजा' या किताबात, तसंच आमचं राजूर घाटात.

मलकापूर सुटल्यावर आम्ही तिघं पुढे निघालो. मी, खामगावचा एक गॅरेजमधला पोरगा, आणि मोताळ्याकडचे एक दूधवाले भाऊ. भाऊ रोज दुधाच्या कॅन लावून तोच रस्ता तुडवायचे. त्यांचे नंबर लांबलचक, एका लयीत. पहिले पाच-सहा किलोमीटर मी माझा नंबर दिला. मग मला अक्कल सुचली. तोंड उघडं टाकलं, खांदे हलवायला लागलो, पोटाला हात लावला.

"काहून लेका, तुहा नंबर हाय आता," भाऊ म्हणाले.

"दम नाई राह्यला, भाऊ."

"बरं. बस मांगं."

एवढंच. त्यांनी संशय घेतला नाही. डावीकडून वारा होता, म्हणून ते रस्त्याच्या डाव्या कडेला सरकून चालवू लागले, मला उजवीकडे आडोसा मिळावा म्हणून. हे मला तेव्हाही कळलं होतं. घाटात गॅरेजवाला मागे पडला. दुसऱ्या वळणानंतर मी उभा राहून पॅडल मारलं आणि भाऊंना तिथेच सोडलं. बक्षीस भिंतीवरचं घड्याळ होतं. भाऊ काहीच बोलले नाहीत. माझ्याकडे पाहून फक्त म्हणाले, "दम आला वाटते."

२००६ च्या इटलीतल्या शर्यतीत, जिरोमध्ये, येन्स फॉइग्ट नावाचा जर्मन खेळाडू असाच मागे बसून आला होता. त्याचा पुढारी इवान बासो मागे होता आणि एकूण शर्यतीत पहिला होता. तेव्हा आघाडीला जोर लावणं फॉइग्टचं काम नव्हतंच. पण त्यानं सोंग केलं नाही, उघड बसला. सान पेलेग्रिनोच्या घाटमाथ्यावर शेवटी तो आणि स्पेनचा गाराते दोघंच उरले. फॉइग्टनं गारातेच्या पाठीवर थाप मारली आणि त्याला पुढे जाऊ दिलं. हे वाचलं तेव्हा मला भिंतीवरचं घड्याळ आठवलं.

उघड सौदेही होतात आणि त्यांना कुणी नावं ठेवत नाही. १९९१ च्या टूर द फ्रान्समध्ये व्हाल लुरोंच्या टप्प्यावर इंदुराइन आणि कियापुच्ची मिळून पुढे गेले. टप्पा कियापुच्चीला, पिवळी जर्सी इंदुराइनला. दोघांचं पोट भरलं.

आणि कधी सावड अशी जमते, की घोळका हिशोबच विसरतो. टोकियो ऑलिम्पिकची महिलांची शर्यत २०२१ मध्ये झाली. ऑस्ट्रियाची आना किझेनहोफर, व्यवसायानं गणिती, सुरुवातीलाच पाच जणींच्या आघाडीत गेली. अंतर दहा मिनिटांच्या वर गेलं. शेवटचे एक्केचाळीस किलोमीटर ती एकटी होती. कानात रेडिओ लावायची परवानगी नव्हती. मागच्यांनी आघाडीतल्या दोघींना गाठलं आणि सगळ्या सापडल्या असं समजल्या. नेदरलँड्सची फान फ्लूटेन हात वर करून आली, ती दुसरी होती. किझेनहोफर सव्वा मिनिट आधीच पोचली होती.

असो. पुढच्या वर्षी, १९८७ ला, आम्ही पुन्हा पुढे निघालो. भाऊ होते, गॅरेजवाला होता, आणखी दोघं होते. मी नंबर देऊन कोपर हलवलं. कुणी पुढे येईना. मी वेग कमी केला, त्यांनीही केला. पाच जण रस्ताभर पसरून एकमेकांकडे पाहत चाललोय, असं दृश्य. "चला ना भाऊ," मी म्हटलं. गॅरेजवाला म्हणाला, "तू हो पुढं. तुह्याकडं लय दम राहते." मोताळ्याच्या अलीकडेच घोळक्यानं आम्हाला गिळलं. माझ्यापायी बाकीच्या चौघांचीही शर्यत गेली, हे जास्त लागलं.

तिसऱ्या वर्षी आम्ही चौघं होतो. मी काही न बोलता पुढे गेलो, नंबर दिला, मागे आलो, पुन्हा गेलो. दोनदा भाऊंच्या वाट्याचाही दिला. मोताळा मागे पडलं. राजूर दिसायच्या आधीच माझ्या मांड्या दगड झाल्या.

"भाऊ, दम संपला."

त्यांनी मान वळवून माझा चेहरा नीट पाहिला. चांगला दोन-तीन पॅडलभर वेळ पाहिला.

"खरंच?"

"खरंच."

"बस मंग मांगं. घाट लागेपर्यंत नेतो तुले."

त्यांनी नेलं. त्या वर्षी मी चौथा आलो.