पाहणे आणि पारखणे : इब्न अल्-हैथमचे प्रकाशशास्त्र



मराठीच्या अध्यापकाने प्रकाशशास्त्रावर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. पण मला या विषयाची वाट भाषेतच सापडली. आपण नजर टाकतो, कटाक्ष फेकतो. गुटगुटीत मुलाला कुणाची तरी दृष्ट लागते. डोळ्यांतून काही बाहेर पडून वस्तूला भिडते, ही समजूत या प्रयोगांत दडलेली आहे. आपल्या नैयायिकांनी नेत्ररश्मी मानले. युक्लिड व टॉलेमी यांनी त्याच गृहीतावर दृष्टीची भूमिती रचली. ॲरिस्टॉटलचे मत निराळे होते, परंतु त्याला भूमितीचे पाठबळ नव्हते.

सुमारे ९६५ साली बसऱ्यास जन्मलेल्या इब्न अल्-हैथमने हे दोन्ही धागे एकत्र आणले. प्रखर सूर्याकडे पाहिल्यास डोळा दुखतो, म्हणजे प्रकाशच डोळ्यावर क्रिया करतो, असा त्याचा साधा युक्तिवाद. उजळलेल्या वस्तूच्या प्रत्येक बिंदूपासून सर्व दिशांना सरळ रेषेत प्रकाश निघतो आणि तो डोळ्यात शिरतो, हे त्याने ‘किताब अल्-मनाझिर’ या सात भागांच्या ग्रंथात मांडले.

त्यातला एक प्रयोग मला फार आवडतो. अंधाऱ्या खोलीच्या छिद्रासमोर बाहेर काही दिवे निरनिराळ्या जागी ठेवायचे. आत भिंतीवर तितकेच ठिपके उमटतात. एक दिवा झाकला की त्याच्या समोरचा तेवढाच ठिपका मावळतो. उघडला की पुन्हा उजळतो. सर्वांचा प्रकाश त्या एकाच चिंचोळ्या छिद्रातून जातो, तरी एकमेकांत मिसळत नाही. वादविवादाने शतकानुशतके न सुटलेल्या गोष्टीसाठी एक झाकण पुरले!

गणितातही त्याची गती मोठी. परवलयापासून बनणाऱ्या एका घनाकृतीचे घनफळ काढताना त्याने क्रमवार संख्यांच्या चतुर्थ घातांची बेरीज साधली.

नाईलचा पूर आवरण्याचे काम अशक्य ठरल्यावर खलिफा अल्-हाकिमच्या भयाने त्याने वेडाचे सोंग घेतले, ही कथा दोन शतकांनंतरच्या चरित्रकाराची; ती मी रंजक म्हणूनच ऐकतो. त्याच चरित्रातला दुसरा तपशील मला अधिक मोलाचा वाटतो. कैरोत तो युक्लिड व टॉलेमी यांच्या ग्रंथांच्या नकला करून पोट भरी. ज्याच्या ओळीन् ओळी उतरवल्या, त्याच टॉलेमीवर त्याने शंकांचा स्वतंत्र ग्रंथ लिहिला! ग्रहाची गती ज्या बिंदूभोवती एकसारखी मानली, तो बिंदू वर्तुळाचे केंद्रच नाही. अशी योजना कागदावर जमली तरी खऱ्या आकाशात कशी असेल, असा त्याचा रोकडा प्रश्न. वाचकाने ग्रंथाचा प्रतिपक्षी होऊन वाचावे आणि स्वतःच्या मतालाही संशयातून सूट देऊ नये, असे तो तेथे बजावतो. पाठ्यपुस्तकापुढे मान तुकवणे म्हणजेच अध्ययन असे समजणाऱ्या आपल्या वर्गांत हे वाक्य कितींना रुचेल?

आता त्याच्यावरही तीच कसोटी लावू. दृष्टीची संवेदना नेत्रभिंगात होते असे त्याने मानले. प्रतिमा दृष्टिपटलावर पडते हे केप्लरने १६०४ मध्ये दाखवले. अल्-हैथमचा लॅटिन अनुवाद १५७२ साली बाझेलला छापला गेला होता. त्याच खंडात त्याचा अनुयायी विटेलो याचाही ग्रंथ होता, आणि केप्लरने आपल्या पुस्तकाला नाव दिले ते विटेलोची पुरवणी असेच.