एका शस्त्रक्रियेचें नांव

खंडाळ्याचा घाट चढून आलेला जुना मुंबई-पुणें रस्ता लोणावळें, कामशेत, वडगांव, तळेगांव अशीं मावळांतील गांवें घेत पुण्याकडे जातो. समजा, कामशेतजवळचा एक शेतकरी या रस्त्यावर दुचाकीवरून पडला. डोक्यास मार लागून कवटीच्या आंत रक्त सांकळलें. पुण्याच्या इस्पितळांत त्याच रात्रीं शस्त्रक्रिया झाली व तो वांचला. महिन्याभरानें त्याला घेरी येऊं लागली, तेव्हां घरच्यांनीं त्याला लोणावळ्याच्या डॉक्टरांकडे नेलें. हातांतल्या कागदावर एवढेंच लिहिलेलें होतें: 'डोक्याची शस्त्रक्रिया केली.'

डॉक्टरांपुढें पहिला प्रश्न उभा राहतो तो हा, कीं या कातडीखालीं हाड आहे कीं नाहीं?

प्रश्न क्षुल्लक नव्हे. सांकळलेलें रक्त काढण्याच्या रीती अनेक आहेत. कधीं कवटीस लहानसें छिद्र पाडून तें बाहेर काढतात. कधीं कवटीचा तुकडा झांकणासारखा उचलून, रक्त काढून, तो पुन्हां जागच्या जागीं बसवितात. हिला क्रेनिऑटमी म्हणतात. परंतु मेंदू फार सुजलेला असेल, तर तुकडा लगेच बसवीत नाहींत. कवटी ही चहूंकडून बंद असलेली पेटी. सुजेला वाव न मिळाला, तर मेंदूच चेंगरावयाचा. अशा वेळीं तो तुकडा शीतपेटींत किंवा रोग्याच्याच पोटाच्या कातडीखालीं जपून ठेवतात, आणि कांहीं आठवड्यांनीं वा महिन्यांनीं दुसरी शस्त्रक्रिया करून बसवितात. ही क्रेनिएक्टमी. मधल्या काळांत त्या बाजूस मेंदूला हाडाचें संरक्षण नसतें. साधा धक्काहि घातक ठरूं शकतो. दोन नांवांत एखाद्या अक्षराचा फरक, पण एकींत हाड जागेवर आहे, दुसरींत नाहीं!

शब्द निश्चित केल्यानें किती लाभ होतो, याचें उदाहरण याच शास्त्रांत आहे. 'गुंगींत आहे', 'अर्धवट शुद्धीवर आहे' अशा वर्णनांचा अर्थ ज्यानें त्यानें आपल्यापरी लावावा, अशी पूर्वीं स्थिति होती. १९७४ सालीं ग्लासगो येथील टीझडेल व जेनेट यांनीं एक मोजणी प्रसिद्ध केली. डोळे उघडण्याला अधिकांत अधिक ४ गुण, बोलण्याला ५, हालचालीला ६. एकूण गुण ३ पासून १५ पर्यंत. आज लोणावळ्याहून कोणी दूरध्वनीवर 'आठ' असें सांगितलें, कीं इजा गंभीर आहे हें पुण्याच्या शल्यविशारदाला तत्काळ उमजतें.

शस्त्रक्रियांसाठींहि असे प्रयत्न झाले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेनें १९७८ सालीं वैद्यकीय क्रियांचें एक वर्गीकरण प्रसिद्ध केलें. तिचें अलीकडचें वर्गीकरण तीन प्रश्नांवर उभें आहे: क्रिया कोणत्या भागावर झाली, काय केलें, आणि कोणत्या मार्गानें केलें? भारत २०१४ सालीं 'स्नोमेड सीटी' या आंतरराष्ट्रीय परिभाषेचा सभासद झाला. तिचें देशांतील काम पुण्याच्या सी-डॅक संस्थेंत चालतें. या परिभाषेंत प्रत्येक संकल्पनेला एक क्रमांक असतो. शब्द इंग्रजी असो वा मराठी, क्रमांक एकच.

कोणी म्हणेल, सरकारी योजनांच्या याद्या आहेतच कीं! २०१२ सालीं सुरू झालेल्या व २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांचें नांव लाभलेल्या आरोग्य योजनेंतहि उपचारांना क्रमांक आहेत. तथापि ती यादी मुख्यतः खर्चाच्या हिशेबासाठीं. सारख्या खर्चाच्या दोन भिन्न क्रिया हिशेबनिसाला एका सदरांत चालतील. वैद्याला त्या चालावयाच्या नाहींत. आणि कोणत्या क्रियेनें किती रोगी बरे झाले, हें ताडून पाहावयाचें तर दोहोंची बेरीज एकत्र करून कसें भागेल?

शल्यविशारदांचा आक्षेप असा, कीं कोणतींहि दोन डोकीं सारखीं नसतात आणि मध्यरात्रीं थकलेल्या हातांनीं क्रमांक शोधीत कोणी बसावें? आक्षेप खरा आहे. वर्गीकरणानें सविस्तर टिपणाची जागा घेऊं नये, आणि तें इतकें किचकटहि नसावें कीं घाईंत चुकीचाच क्रमांक पडावा. परंतु थोड्या गोष्टी तरी ठरलेल्या शब्दांत आल्याच पाहिजेत.

त्या शेतकऱ्याच्या कागदावर 'उजव्या बाजूची क्रेनिएक्टमी. हाड पोटाच्या कातडीखालीं ठेविलें आहे' एवढी एकच ओळ असती, तर लोणावळ्याच्या डॉक्टरांना अंदाज बांधीत बसावें लागलें नसतें.